लंडनची महागाई आणि बाबासाहेबांचे उपाशी दिवस

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची पाटी आपल्या विहाराच्या भिंतीवर लावलेली आहे. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. रविवारच्या बालवर्गातली पोरंसुद्धा ती घडाघडा म्हणून दाखवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पण या पदव्यांना पैसे किती पडले, ते कुठून आले, आणि पैसे संपल्यावर बाबासाहेबांनी काय खाल्लं, असं विचारलं तर पोरंही गप्प आणि मोठी माणसंही गप्प. म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र आम्ही पैशाच्या हिशोबाने सांगायचे ठरवले आहे. त्यातही मुख्यत्वे लंडन. कारण बाबासाहेबांच्या आयुष्यात पोटाला सर्वांत मोठा चिमटा बसला तो तिथेच.

बालपणाचे सगळ्यांना ठाऊक आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, वडील सुभेदार रामजी सकपाळ, आई भीमाबाई. आई लवकर गेली. सुभेदारांची पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तरी भीमाने पुस्तक मागितले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. बाबासाहेबांचे पहिले कर्ज असे त्यांच्या बापानेच काढले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये दिले. १९१२ साली बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार वारले आणि त्याच वर्षी सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. ही शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. त्यातूनच राहणे, खाणे, पुस्तके, आणि घरी पाठवायचे पैसे. इतर विद्यार्थी नाटक-सिनेमाला जात तेव्हा बाबासाहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानात जात. तिथून त्यांनी ढिगाने पुस्तके घेतली.

१९१६ साली ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. महायुद्ध चालू होते. बाबासाहेब एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने. ती सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. अमेरिकेत पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली तीच घरखर्चाला आणि बडोद्याला जायला उपयोगी पडली. बडोद्यात काय झालं ते पुन्हा सांगायला नको. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, साऱ्या शहरात दुसरी जागा मिळाली नाही.

इथे एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या समाजाच्या खानावळीतून बाबासाहेबांना हाकलले त्याच समाजातला एक माणूस पुढे आयुष्यभर त्यांच्या पाठीशी उभा राहिला. नवल भथेना. अमेरिकेत ओळख झाली, मैत्री झाली, आणि बाबासाहेबांच्या प्रत्येक अडचणीत या पारशी मित्राची थैली उघडली. आपल्या जयंतीच्या भाषणांत भथेनांचे नाव फारसे येत नाही. यायला पाहिजे असे आम्हाला वाटते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. दुसरा कोणी असता तर बंगला घेतला असता. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. रमाईच्या हातात घरखर्चापुरते मोजून पैसे ठेवायचे आणि उरलेले लंडनसाठी बाजूला. लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता ना! विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, राजर्षी शाहू महाराज तिथे स्वतः हजर राहिले. त्याच सुमाराला बाबासाहेबांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ पाच हजार रुपये, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले.

आता लंडनची महागाई म्हणजे काय होती ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे तेव्हा सोळा आण्यांचा रुपया. तिकडे वीस शिलिंगांचा एक पौंड आणि बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स. महायुद्धाने इंग्लंडातले सगळे भाव चढवून ठेवले होते. तिथले सरकार कामगारांच्या राहणीखर्चाचा आकडा दरमहा काढायचे. लढाई सुरू होण्याआधी, जुलै १९१४ मध्ये, जो संसार शंभरात चालत होता त्याला नोव्हेंबर १९२० मध्ये दोनशे शहात्तर लागू लागले. म्हणजे पावणेतीन पट! चार पौंड वजनाचा पाव लढाईपूर्वी सहा पेन्सच्या आसपास मिळायचा, तो १९२० च्या अखेरीला सोळा पेन्सवर गेला. आकडा शिखराला पोचला तेव्हा बाबासाहेब नुकतेच त्या शहरात उतरले होते.

आणि दुसरा फटका रुपयाचा. हा फटका समजल्याशिवाय बाबासाहेबांची उपासमार समजत नाही. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला होता. दोन शिलिंग म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. सरकारने हा भाव टिकवायची खटपट केली, त्यापायी पैसा ओतला, आणि सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. १९२१ मध्ये रुपया घसरत सोळा पेन्सच्या आसपास, कधी त्याच्याही खाली आला. म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. आता भथेनांच्या पाच हजारांचाच हिशोब करा. दहाच्या भावाने त्याचे पाचशे पौंड होतात. पंधराच्या भावाने तीनशे तेहतीस. रुपये तेच, घाम तोच, पण समुद्र ओलांडता ओलांडता त्यातला तिसरा हिस्सा गायब!

काही जण म्हणतील की १९२१ नंतर लंडनचे भाव उतरले होते. उतरले, खरे आहे. १९२२ च्या अखेरीला तो दोनशे शहात्तरचा आकडा एकशे ऐंशीच्या आसपास आला. पण रुपया चोवीस पेन्सवरून सोळावर आला होता. दोन्ही घसरणी जवळजवळ सारख्या, तिसऱ्या हिश्श्याच्या. म्हणजे इंग्रज कामगाराच्या घरी स्वस्ताई आली, पण मुंबईच्या रुपयांवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला लंडन होते तेवढेच महाग राहिले. आम्ही हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो.

बाबासाहेब राहायचे ते घर उत्तर लंडनमध्ये, किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०. खाणावळीचे घर, भाड्यातच सकाळची न्याहारी. घरमालकीण मोठी खट, हात अगदी आखडता. पावाचा तुकडा, जराशी मासळी आणि चहा, झाली न्याहारी. एवढ्यावर बाबासाहेब घराबाहेर पडत. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय तिथून अडीच-तीन मैल. बसचे पेन्स वाचवायला ही वाट पायी. ग्रंथालयाचे दार उघडायच्या वेळी ते दारात हजर. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. संध्याकाळी तिथले नोकर उठवतील तेव्हा उठायचे, खिशात टिपणांचे कागद कोंबायचे, आणि पुन्हा पायी घरी. रात्री बोव्हरिल, म्हणजे मांसाचा अर्क गरम पाण्यात कालवून केलेले पातळ कढण, आणि एखाद-दुसरे बिस्कीट. रात्री दहाच्या सुमाराला भूक पुन्हा उसळी मारायची. एका ओळखीच्या गुजराती गृहस्थाने त्यांना पापडांचे एक पुडके दिले होते. बाबासाहेब पत्र्याच्या तुकड्यावर त्यातले चार पापड भाजत, ते खात, आणि पहाटेपर्यंत वाचत बसत. पुडके संपू नये म्हणून चार म्हणजे चारच. खोलीतला सोबती झोपायचा आग्रह करी. पण झोपायला लागतो वेळ आणि खायला लागतो पैसा, आणि बाबासाहेबांकडे दोन्ही तुटपुंजे होते.

ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायला पैसे पडत नसत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळच्या लंडनमध्ये भाड्याच्या कितीतरी खोल्यांत गॅसच्या मीटरात नाणे टाकावे तेव्हा शेगडी पेटायची. नाणे संपले की थंडी. ग्रंथालयात मात्र ऊबही फुकट, उजेडही फुकट आणि जगातली पुस्तके समोर. लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय, गोल्डस्मिथ्स ग्रंथालय आणि इंडिया ऑफिसचे ग्रंथालय हीही त्यांची ठिकाणे. महागड्या शहरात फुकट मिळणारी जी एक वस्तू होती ती बाबासाहेबांनी पुरेपूर वसूल केली.

बॅरिस्टरीची एक गंमत आहे, गंमत म्हणावी की थट्टा ते तुम्हीच ठरवा. तिथे बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षांबरोबर इनच्या मोठ्या दालनात दर सत्राला ठरावीक जेवणे जेवावीच लागत. जेवण चुकले तर सत्र धरत नसत. पैसे अर्थात विद्यार्थ्याचे. घरी चार पापडांवर रात्र काढणाऱ्या आपल्या बापाला बॅरिस्टर होण्यासाठी काटे-चमचे घेऊन पैसे भरून जेवावे लागले!

४ सप्टेंबर १९२१ रोजी बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिले. हुंडणावळीचा भाव फिरल्यामुळे आपली मोठी अडचण झाली आहे, दोनशे पौंड कर्जाऊ मिळावेत, परत आल्यावर व्याजासह फेडू, असा त्यातला आशय. आठ-नऊ महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले. आज महाराष्ट्र सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे आणि आपल्या वस्त्यांतली मुले त्यावर लंडनला जातात. त्या नावामागे हे पत्र आहे, हे त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवे.

आता इकडे मुंबईत काय चालले होते? रमाई म्हणजे दापोलीजवळच्या वणंदची लेक, बाप दाभोळच्या बंदरात ओझी वाहणारा. कष्ट तिला नवे नव्हते. चाळीत रमाई, लहानगा यशवंत, विधवा जाऊ आणि तिचा मुलगा मुकुंद. हा सगळा पसारा तिने एकटीने ओढला. घरी पैसे संपले की लंडनला पत्र जाई. पण लंडनमध्ये कुठले पैसे? बाबासाहेबांना उत्तरात दागिने मोडून घर चालवायला सांगावे लागले, परत आल्यावर पुन्हा करून देण्याचा शब्द द्यावा लागला. सुभेदारांनी लेकीचे दागिने गहाण टाकले होते, आता सुनेचे मोडायची पाळी आली. आमच्या आयाबाया रमाईची गाणी म्हणतात त्यात तिने शेण वेचून गोवऱ्या थापल्या, त्या विकून चूल पेटवली असे येते. ती गाणी म्हणताना बायकांचे डोळे भरतात ते उगाच नाही. पाच लेकरांतली चार तिने गमावली, शेवटचा राजरत्न १९२६ साली.

इथे आम्ही जरा स्पष्ट बोलतो. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की संसार उपाशी ठेवून शिकण्यात काय मोठेपण? प्रश्न वाईट नाही, आणि त्यावर रागावूही नये. आमचे म्हणणे एवढेच की बाबासाहेब स्वतः पोटभर जेवून घरच्यांना उपाशी ठेवत नव्हते. परळची चूल आणि लंडनचा पत्र्याचा तुकडा, दोन्हीकडे सारखाच दुष्काळ होता. आणि रमाईने ही किंमत मोजली ती कुणी तिला विचारून ठरवली नव्हती, हेही आपण कबूल केले पाहिजे. लंडनच्या पदव्यांच्या खर्चात तिचा वाटा अर्ध्याचा आहे.

आणि अशा दिवसांत बाबासाहेब अभ्यास कशाचा करत होते? रुपयाचा! जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, तिचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर. २८ जून १९२२ ला बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले. तिथे तर पैशाचा निव्वळ कचरा होत चालला होता. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे दोनशे मार्क मिळत, वर्षअखेर सात हजारांच्या वर. आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला.

प्रबंध कठीण आहे, आम्हालाही सगळा समजला असे म्हणत नाही. पण एक मुद्दा आपल्यासारख्या रोजंदारीच्या आणि पगाराच्या माणसाने ध्यानात घ्यावा असा आहे. रुपया परदेशात किती पेन्सला जातो यापेक्षा तो देशात किती धान्य, किती कापड आणतो हे स्थिर राहिले पाहिजे, यावर बाबासाहेबांचा भर आहे. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मात्र मागून रखडत येते. त्यामुळे स्वस्त रुपयाने मालकाला आणि बाहेर माल पाठवणाऱ्याला जो नफा होतो तो मजुराच्या ताटातून काढलेला असतो. हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. सरकारने चलन आपल्या मर्जीने वाढवू नये म्हणून त्याला बांध घालावा, असे ठणकावून सांगितले. प्रबंध अर्थात कागदपत्रांवर उभा आहे, स्वतःच्या भुकेचे त्यात एक अक्षर नाही. पण लिहिणाऱ्याचे स्वतःचे ताट त्याच वेळी रुपयाच्या भावाबरोबर रिकामे होत होते, हे आपण वाचणाऱ्यांनी का विसरावे?

परीक्षकांना निष्कर्ष झोंबले. साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या पैशाच्या धोरणाची चिरफाड केलेली कशी आवडणार? प्रबंध पुन्हा लिहून आणा असे झाले. पण पुन्हा लिहायला लंडनमध्ये राहावे लागणार, आणि राहायला पैसा कुठे होता! एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. चाळीतल्या खोलीत बसून, मांडणी बदलून पण निष्कर्ष न बदलता, प्रबंध परत पाठवला. तो मान्य झाला, त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली आणि वर्षअखेर लंडनच्या प्रकाशकाने तो पुस्तकरूपाने काढला. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची, आणि अर्पणपत्रिका आईवडिलांना. दागिना गहाण टाकणाऱ्या सुभेदारांचे ऋण असे फिटले. डिसेंबर १९२५ मध्ये सरकारच्या चलन आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली.

पण १९२३ च्या त्या उन्हाळ्यात बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाकडे वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. ते कुणी दिले? पुन्हा नवल भथेनांनीच.

पुढचे चरित्र आपल्याला पाठ आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, घटना समिती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेली धम्मदीक्षा, ज्यामुळे आज आपला हा विहार उभा आहे. ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण. गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब १९३० साली पुन्हा लंडनला गेले तेव्हा ते सरकारचे निमंत्रित प्रतिनिधी होते.

किंग हेन्रीज रोडचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. इंग्लंडमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. किंमत पडली तीस लाख पौंडांहून जास्त. ज्या घरात चार पापड मोजून खाल्ले त्या घराची! त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. नंतर तिथल्या नगर परिषदेने, ही राहती वस्ती आहे, इथे संग्रहालय चालणार नाही, म्हणून परवानगी नाकारली. चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली.

आपल्यापैकी कुणाचा मुलगा, मुलगी, जावई लंडनला असेल तर त्यांनी चॉक फार्म स्टेशनला उतरावे. तिथून घर थोड्याच अंतरावर आहे, भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. दर्शन घेऊन झाले की परतताना गाडीत बसू नये. ब्रिटिश म्युझियमपर्यंत पायी जावे. ग्रंथालयातली पुस्तके आता दुसऱ्या इमारतीत गेली आहेत, पण म्युझियम आहे तिथेच आहे. तासभर तरी लागतो. जमलं तर सकाळी जावे, न्याहारी न करता.

जयभीम! नमो बुद्धाय!